तीन तांबे पाणी

"उन्हाळ्याचं काय ठरवलंय?" परदेशी कॉलेजांच्या प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या रेवती मॅडमनी विचारलं आणि बाबा माझ्याकडे बघायला लागले. जणू उन्हाळा माझ्या सॅकमध्ये होता आणि मी तो आता काढून टेबलावर ठेवणार होते.

बारावीचं फिजिक्स सुरू करणार आहे, असं मी सांगितलं. मॅडम हसल्या. हसून झालं की त्या खरं बोलायच्या.

"शलाका, मार्क सगळ्यांनाच असतात," त्या म्हणाल्या. "तिकडची कॉलेजं विचारतात, मोकळ्या वेळात तू काय केलंस. तुझ्या फॉर्मवर आत्ता काय आहे? पोहणं. जिल्ह्यात तिसरी. बस."

मग त्यांनी त्यांच्याकडच्या इतर मुलांचं सांगितलं. एक मुलगा लडाखला जाऊन एका शाळेवर सोलर बसवणार होता. एक मुलगी बेडकांवर शोधनिबंध लिहीत होती आणि तो छापूनही येणार होता. माझ्या वयाच्या मुलीला बेडकांबद्दल छापण्याजोगं काही माहीत असतं, याचाच मी धसका घेतला. निघताना मॅडमनी एका कागदावर तीन शब्द लिहून दिले. काम, आकडा, पुरावा. सुट्टीतून या तिन्ही गोष्टी बाहेर पडल्या पाहिजेत आणि जूनच्या आधी त्यांना दोन मिनिटांचा व्हिडिओ मिळाला पाहिजे.

याला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा अकरावीची परीक्षा दिली होती. अमेरिकेत शिकायचं हे वेड माझंच. बाबा जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता, आई शाळेत शिक्षिका. पूर्ण स्कॉलरशिप मिळाली तर जायचं, नाही तर साताऱ्यातल्याच कॉलेजात गुमान बसायचं, असा आमच्या घरातला करार होता. मधला मार्ग नव्हता. त्या वर्षभरात मी जेवताना, झोपताना, न्हाताना दुसरा कसलाही विचार केल्याचं मला आठवत नाही.

परतताना आम्ही एसटीत होतो. खंबाटकी घाट चढताना बाबा म्हणाले, "तुला पोहता येतं ना? मग पोहायला शिकव की. खडकेवाडीला एकाही पोरीला पोहता येत नाही."

खडकेवाडी म्हणजे माझं आजोळ, कोरेगावच्या पुढे. तिथली पोरं चालायला लागली की विहिरीत उड्या मारतात, पण मुलींना काठावर उभं राहून कपडे सांभाळायचं काम. दोन वर्षांपूर्वी तिथली एक मुलगी कालव्यात पाय घसरून वाहून गेली होती. हात मारता आले असते तर वाचली असती, असं सगळं गाव म्हणायचं आणि तरी कोणी काही केलं नव्हतं. बाबांना ती मुलगी आठवत होती. मलाही आठवली, खोटं कशाला सांगू. पण साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत 'बारा मुली, वीस दिवस' हे इंग्रजीत कसं दिसेल याची मी मनात तीन वाक्यं जुळवली होती.

हिंदुरावमामांनी गावात शब्द टाकला. मुलींच्या आयांनी एकच अट घातली. सर्जेराव तात्या काठावर बसणार असतील तरच.

तात्या सत्तरीचे, धोतरातले, बोलायला कमी. गावातल्या तीन पिढ्यांच्या पोरांना त्यांनी मामांच्या पायऱ्यांच्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं. ही विहीर कालव्याच्या पाझरावर भरायची, त्यामुळे ऐन मेमध्येही तिला दोन परस पाणी असायचं, म्हणजे दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले तर बुडतील एवढं. मी साताऱ्याहून पोहण्याचे फोम आणि फुगे आणले होते. तात्यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि मामींच्या पडवीत ठेवून दिले.

त्यांची रीत वेगळी होती. मुलाच्या पाठीला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन बांधायचा, बूच घट्ट लावून. पहिले आठ दिवस कमरेला दोरही असतो आणि तात्या काठावरून तो धरून बसतात. नवव्या दिवशी दोर सुटतो. त्यानंतर खरी गंमत सुरू होते आणि तिचं माप फक्त तात्यांना माहीत असतं. रोज मूल यायच्या आधी ते कॅनमध्ये थोडं पाणी ओततात. एखाद्याच्या कॅनमध्ये एक तांब्या, एखाद्याच्या कॅनमध्ये घोटभर. मूल शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात बसलं की मागून कॅन बांधायचा, म्हणजे वजन कळत नाही. कॅन रोज थोडा कमी उचलतो आणि मूल रोज थोडं जास्त पोहतं. ज्या दिवशी कॅन गळ्यापर्यंत भरलेला असतो त्या दिवशी मूल विहीर पार करून येतं. मग तात्या सगळ्यांसमोर बूच काढून कॅन उपडा करतात. पाणी भळाभळा बाहेर पडताना पाहून मुलाचा चेहरा जो होतो, त्याच्यासाठीच ते हे काम करत असावेत.

"कॅनात आज किती हाय ते पोराला कळता कामा नये," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "कळलं की पोर पाण्याकडं बघायचं सोडून पाठीकडं बघतंय."

मी ही युक्ती वहीत लिहून घेतली आणि शेजारी एक चांदणी काढली.

पहिला आठवडा मजेत गेला. मुली पंजाबी ड्रेस घालून, वेण्या डोक्यावर बांधून यायच्या आणि पाण्यात पाय बुडाला की किंचाळायच्या. दुसरा आठवडा संपता संपता एकेकीचे कॅन उपडे व्हायला लागले. मामी काठावर मोबाइल धरून उभ्या राहायच्या. त्यांच्या व्हिडिओत निम्मा वेळ त्यांचं बोट असायचं, पण उरलेल्या निम्म्यात माझा पुरावा होता. मी रोज संध्याकाळी मॅडमना आकडा कळवायची. सहा. आठ. नऊ. मॅडम अंगठा पाठवायच्या आणि खाली विचारायच्या, "बारा कधी?"

बाराव्या मुलीचं नाव कार्तिकी. अकरा वर्षांची, काटकुळी, शेजारच्या घरातली. तिची आई तिच्या आधी येऊन पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहायची आणि तास संपेपर्यंत पदर तोंडात धरून असायची. कार्तिकीला भीती नव्हती, ती फक्त सावकाश होती. हात सुंदर मारायची, पण पायांचा जोर कमी पडायचा. सतराव्या दिवशी इतर अकरा जणी कॅनशिवाय पोहत होत्या आणि हिच्या कॅनमध्ये तांब्याभर पाणीसुद्धा नव्हतं. मी तात्यांना म्हणाले, जरा वाढवू या. ते म्हणाले, "तिचे पाय सांगतील कवा वाढवायचं."

पण माझे दिवस संपत आले होते. सोमवारपासून साताऱ्यात व्हेकेशन बॅच सुरू होणार होती, तिची फी भरलेली होती. रविवारी संध्याकाळी मला निघायचं होतं. आणि नेमकं शुक्रवारी तात्यांना पुतणीच्या लग्नाला कराडला जावं लागलं. जाताना 'दोन दिस शलाका बघंल' असं मुलींच्या आयांना सांगून ते मुद्दाम मामांकडे आले आणि मला पडवीत बोलावून म्हणाले, "बाकीच्यास्नी खुशाल पवू दे. कार्तिकीच्या कॅनला मी येईस्तवर हात लावायचा न्हाई."

मी मान हलवली. खरं तर त्या क्षणी मला ते मान्यही होतं.

त्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. बेडकांच्या मुलीचा निबंध छापून आला होता. त्या सहज सांगत होत्या, मला टोचायला नव्हे. पण फोन ठेवल्यावर मी मामांच्या अंगणात किती फेऱ्या मारल्या याला गणती नाही. अकरा आणि बारा यांत काय मोठा फरक आहे, असं आज कुणीही विचारेल. तेव्हा मला वाटत होतं की माझं सगळं आयुष्य त्या एका आकड्यात अडकलंय. बारा कबूल केल्या होत्या. अकरा लिहिलं की बाराव्या मुलीचं काय झालं, हे कोणीतरी विचारणार आणि मी कच्ची ठरणार. माझ्यासारख्या शंभर जणी असतील आणि त्यांच्या बाराच्या बारा झालेल्या असतील.

शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेले. कपारीत कार्तिकीचा कॅन ठेवलेला होता. मी बूच काढलं आणि एक तांब्या पाणी ओतलं. मग हिशेब केला. आज एक, उद्या एक, तरी कॅन भरत नाही. दुसरा तांब्या ओतला. तिसरा ओतताना माझा हात थांबला होता, एवढं मला आठवतं. पण थांबून मी काय केलं, तर पायऱ्यांकडे कुणी येतंय का ते पाहिलं. मग तोही ओतला.

नेहमीसारखी ती शेवटच्या पायरीवर बसली. मी मागून कॅन बांधला. तिने मान वळवून विचारलं, "ताई, आज पण मध्यापर्यंतच जाऊ?" मी म्हणाले, "आज पलीकडं जा. मामी व्हिडिओ काढणार आहेत." ती खूश झाली.

निम्म्या विहिरीपर्यंत ती छान गेली. अगदी मध्यावर दर वेळेसारखी ती दम खायला सैल झाली. कॅन वर धरतो हे तिला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. त्या दिवशी कॅनने धरलं नाही. आतलं पाणी एका अंगाला गेलं, कॅन कलंडला आणि ती त्याच्यासकट कुशीवर फिरून खाली गेली. तिने हाकही मारली नाही. तोंड उघडायच्या आत ती पाण्याखाली होती.

मी उडी मारली. हिरव्या पाण्यात मला आधी तिची ओढणी दिसली, मग हात. तिने माझा गळा आवळला. मी कशीबशी तिला पायरीपाशी आणलं. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल. ती पालथी पडून पाणी ओकत होती, वर तिची आई हंबरडा फोडत पायऱ्या उतरत होती आणि मामींनी डोळे घट्ट मिटून मोबाइल आकाशाकडे धरला होता.

श्वास जागेवर आल्यावर कार्तिकीने मला पहिलं काय विचारलं असेल?

"ताई, माझं काय चुकलं?"

तिची आई ऐकत होती. मामी ऐकत होत्या. पायऱ्यांवर अकरा मुली भिजून उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी खरं बोलले तर पाचच मिनिटांत विहीर रिकामी होणार होती. व्हिडिओ नाही, पुरावा म्हणून ग्रामपंचायत देणार होती ते पत्र नाही, सुट्टी पाण्यात. हे सगळं मी तेवढ्या वेळात मोजलं, हे मी अजून विसरलेले नाही.

"तुझे पाय थांबले," मी म्हणाले.

"मला वाटलं, मारत होते."

"नाही गं. थांबले."

तिने मान हलवली. तिला पटलं. मी शिकवणारी होते, न पटायला काय झालं?

तिच्या आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कडाकडा बोटं मोडली. दुपारपर्यंत गावभर झालं की शलाका होती म्हणून पोर वाचली. मामांनी बाबांना फोन करून सांगितलं. बाबा फोनवर रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रविवारी सकाळी तात्या परत आले. मी विहिरीवर गेले तेव्हा ते कपारीपाशी उभे होते आणि त्यांच्या हातात तो कॅन होता. मी तो रिकामा करायला विसरले होते. ते त्याचं वजन घेत होते.

"किती वतलंस?"

"तीन तांबे."

"एकदम?"

त्यांनी बूच काढलं आणि कॅन उपडा केला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मी न्हाई सांगायचा. हात तुझा हुता," ते म्हणाले. "पर जायच्या आधी तिला सांग. पाण्याला भ्याली तर उद्या पुन्हा उतरंल. सोताच्याच पायाला भ्याली तर कशी उतरंल?"

सांगते म्हणाले. त्या सकाळी अकरा मुलींनी विहीर पार केली, मामींनी बोट आड न आणता व्हिडिओ काढला आणि कार्तिकी वरच्या पायरीवर बसून सगळ्यांना टाळ्या वाजवत होती. तिने पाण्यात पाय घातला नाही. तिची आई शेजारी होती, मामी होत्या, मुली होत्या. एकटी सापडली की सांगू, असं म्हणत मी दुपार काढली आणि साडेचारची एसटी धरली.

पुढे ऑगस्टमध्ये फॉर्म भरायची वेळ आली. मॅडम म्हणाल्या, बारा लिहू या, कोण मोजायला येतंय? मी ठाम नकार दिला. अकराच लिहिलं. माझ्या प्रामाणिकपणाचं मलाच फार कौतुक वाटलं. मग निबंधाचा विषय निघाला. तुमच्या हातून झालेली एखादी चूक आणि तिने तुम्हाला काय शिकवलं, असा एक प्रश्न होता. मॅडमनी विचारलं, असं काही घडलंय का? आणि तीन महिने तात्यांखेरीज कुणाजवळ न बोललेलं सगळं मी त्या गार ऑफिसात बसून सांगितलं. तांबे, कॅन, कार्तिकीचा प्रश्न, माझं उत्तर. सांगताना मी इतकी रडले की मॅडमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

मी डोळे पुसून वर पाहिलं, तर त्यांचा चेहरा उजळला होता.

"हेच लिही," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदलू नकोस. असं कुणाकडेही नाही."

साडेसहाशे शब्दांत मी ते लिहिलं. शेवटाला सत्य बोलायला उशीर झाला तरी ते बोललंच पाहिजे, असंही काहीतरी लिहिलं. सहा वेळा तपासून पाठवलं. मार्चअखेरीस पत्र आलं. पूर्ण स्कॉलरशिप. खाली कुणीतरी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या की तुमचा निबंध आमच्या समितीने एकमेकांना वाचून दाखवला. आईने ते पत्र देवापुढे ठेवलं.

मे महिन्यात खडकेवाडीने माझा सत्कार ठेवला. देवळाच्या मंडपात खुर्च्या, माईक, सरपंच. तात्यांना निरोप होता, पण ते आले नाहीत. शाल आणि नारळ घेऊन कार्तिकी उभी होती. वर्षात चांगली उंच झाली होती. तिच्या आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकपासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "हिच्यामुळं माझी पोर हाय. आमच्या पोरीचे पायच कच्चे. तवापासनं आमी तिला पाण्याजवळ जाऊ देत न्हाई. बाकी पोरी पवत्यात, ही काठावर बसती."

टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर घालायला सरपंचांनी कार्तिकीच्या हातच्या शालीकडे हात केला तेव्हा मी त्यांना म्हणाले, एक मिनिट. आणि कार्तिकीचा हात धरून तिला मंडपाच्या मागे घेऊन गेले. शाल, नारळ तिच्याच हातात होते. लोकांना वाटलं, पोरींचं काहीतरी असेल.

"कार्तिकी, गेल्या वर्षी तुझे पाय थांबले नव्हते," मी म्हणाले. "कॅनमध्ये पाणी फार झालं होतं. मी भरलं होतं, तीन तांबे. तू बरोबर पोहत होतीस."

तिला समजायला थोडा वेळ लागला.

"त्यामुळं मी बुडाले, हे तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"माझा प्रोजेक्ट बंद पडला असता."

ती नारळाखालची शाल नीट करू लागली. मंडपात कोणीतरी माईकवर फुंकर मारत होतं.

"आणि नंतर कुणालाच नाही सांगितलंस?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. "कॉलेजला सांगितलं," मी म्हणाले. "फॉर्मबरोबर निबंध लिहायचा होता. त्यात लिहिलं."

"मग ते रागावले?"

"नाही. त्यांना तो फार आवडला."

कार्तिकीने मान वर केली. ती रागावलेली नव्हती. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे मी बुडाले म्हणून तुझी ॲडमिशन झाली?"

मी हो म्हणाले.

तिने शाल आणि नारळ माझ्या हातात दिला. आई हाक मारतीय, म्हणाली आणि मंडपाच्या उलट बाजूला, घराकडे चालायला लागली. तिची आई आत पहिल्या रांगेत बसून होती आणि मी परत यायची वाट बघत होती.